घरी आजारी माणसाजवळ ३ तास थांबणारे स्वयंसेवक: सुरू करण्याआधी काय ठरवावं? (ठाणे)

वर्तकनगर_ज्येष्ठ

नमस्कार मंडळी. वर्तकनगर-शिवाईनगर भागातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा एक उपक्रम सुरू व्हायचाय. घरी कुणी अंथरुणाला खिळलंय किंवा एकटं ठेवता येत नाही, अशा घरातल्या काळजी घेणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा मोकळीक द्यायची. आमचा स्वयंसेवक ठरल्या वेळी जाऊन पेशंटजवळ थांबेल, घरचं माणूस बाहेर पडेल. पैसे घ्यायचे नाहीत.

आतापर्यंत नावं १४ आली आहेत: ८ निवृत्त मंडळी (वय ६० ते ६८) आणि ६ जण जवळच्या कॉलेजच्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना). घरं ७ आली आहेत: डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) दोन, पॅरालिसिसची तीन (त्यातल्या एका काकांना नाकातून नळी आहे), पार्किन्सन्सचं एक, आणि एका घरी २२ वर्षांचा सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा. दोन घरांत ब्यूरोची (पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी दिवसा असते, पण तिची सुट्टी आली की घर अडकतं.

विचारायचं ते असं. एका वेळी किती तास ठेवावेत? स्वयंसेवकाने काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही? नळीवाल्या काकांचं घर घ्यावं का? आणि पेशंट पडला किंवा काही वस्तू हरवली तर कुणी निस्तरायचं? शिवाय ट्रेनिंगमध्ये नक्की काय शिकवायचं तेही सांगा. "प्रेमाने वागा" हे सगळ्यांना माहीत आहे.

खाडीपलीकडे

आधी आकड्यांचं बोलू. १४ माणसं, ७ घरं, हा हिशेब कागदावर बसतो आणि पहिल्याच महिन्यात फिसकटतो. एका घराला दोन माणसं लागतात, एक नेहमीचा आणि एक राखीव. दोघांनाही घर, पेशंट आणि औषधांची जागा माहीत असायला हवी. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यामुळे ती उत्साहाने येतात, पण परीक्षा आली की सगळी एकाच वेळी गायब. म्हणून जोडी निवृत्त अधिक विद्यार्थी अशीच लावा, दोन विद्यार्थ्यांची जोडी नको. अशा ६ जोड्या होतात, उरलेली दोन निवृत्त माणसं समन्वयाला. सुरुवात ४ घरांनी करा, दोन जोड्या मोकळ्या राहू द्या. तीन महिने निभावले की पाचवं घर. सुरू करून बंद पडलेली मदत घरच्यांना फार जड जाते, कारण त्यांनी त्या ३ तासांवर दवाखाना, बँक, केस कापणं सगळं लावलेलं असतं.

वेळ ३ तास, त्याहून कमी नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला काही काम असेल तर जाण्या-येण्यातच एक तास जातो. दोन तासांत घरचं माणूस घड्याळाकडे बघत धावत परत येतं. ४ तासांच्या वरही नको, तेवढ्यात जेवण, शौच, औषध सगळंच मध्ये येतं आणि स्वयंसेवकाच्या अंगावर नर्सिंग पडतं.

वार शक्यतो मधल्या दिवसाचा, सकाळी १० ते १. शनिवार सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. रविवारी मेगाब्लॉक, राखीव माणूस कळव्याहून किंवा ऐरोलीहून यायचा असेल तर तो स्टेशनवरच अडकतो. पेन्शनरांच्या घरी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याची धावपळ असते, तेव्हा दिवस बदलून मागतात, ते आधी धरून ठेवा. पावसाळ्यासाठी नियम एकच: सकाळी ८ पर्यंत फोन करून "येतोय" किंवा "येत नाही". राखीव माणूस चालत पोचेल अशाच अंतरावरचा हवा.

मात्र त्याच इमारतीतला नको. शेजारच्या सोसायटीतला चालेल, त्याच विंगमधला नाही. आजोबांना लंगोट लागतो ही गोष्ट लिफ्टमध्ये कुणाच्या तोंडून निघाली की ते घर पुन्हा दार उघडत नाही.

घरात शिरण्याच्या पायऱ्या ठरवून घ्या. पहिल्या भेटीला फक्त समन्वयक जाऊन माहिती भरतो. दुसऱ्या भेटीला स्वयंसेवक येतो, पण घरचं माणूस घरातच असतं आणि नेहमीची सगळी कामं त्याच्यासमोर करून दाखवतं. तिसऱ्या भेटीला घरचं माणूस पाऊण तास खाली सोसायटीच्या बागेत जाऊन बसतं. चौथ्या भेटीपासून पूर्ण ३ तास. पायरी गाळली की पेशंट अनोळखी चेहऱ्याला बिथरतो, घरच्यांना अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागतं, आणि पुढच्या वेळी ते "राहू दे, कशाला त्रास" म्हणतात.

काय करायचं ते एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून दोघांनी सही करा. करायचं: सोबत, गप्पा, पेपर वाचून दाखवणं, पाणी, घरच्यांनी काढून ठेवलेलं खाणं गरम करून देणं, स्वतःच्या पायावर उभं राहू शकणाऱ्याला बाथरूमपर्यंत सोबत. नाही करायचं: इन्सुलिन किंवा कुठलंही इंजेक्शन, नळीतून अन्न, जखमेचं ड्रेसिंग, कफ ओढणं, ऑक्सिजनचा काटा फिरवणं, एकट्याने उचलणं. त्याखाली स्वतंत्र ओळ: एटीएम, ओटीपी, चेक, सही, मृत्युपत्राला साक्षीदार, यातलं काहीही नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

औषध गोळीच्या स्ट्रिपमधून स्वयंसेवकाने काढायचं नाही. घरच्यांनी वाटीत काढून, झाकून, वर वेळ लिहून ठेवलेली गोळी फक्त हातात द्यायची आणि वहीत वेळ नोंदवायची. पार्किन्सन्सच्या घरात मात्र एक गोष्ट जास्तीची शिकवा. लेव्होडोपाची गोळी १५-२० मिनिटं इकडेतिकडे झाली तरी काही पेशंट जागच्या जागी आखडतात. ती बहुधा जेवणाआधी द्यायला सांगितलेली असते, कारण प्रथिनांसोबत तिचं शोषण कमी होतं. "आधी जेवून घ्या, मग गोळी" ही आपली सवय तिथे चालत नाही.

सिस्टर_ऐरोली

नळीवाल्या काकांचं घर सोडू नका. त्यांच्या बायकोला सगळ्यात जास्त गरज असणार. फक्त वेळ नळीच्या दोन फीडच्या (नळीतून अन्न देण्याच्या वेळांच्या) मध्ये बसवा. समजा घरच्यांनी ९:३० ला फीड दिलं आणि पुढचं १२:३० ला आहे, तर स्वयंसेवक १० ते १२:१५. मग ३ तासांचा हट्ट धरू नका.

फीडनंतर निदान अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी. हॉस्पिटलचा पलंग नसेल तर नुसती डोक्याखाली उशी देऊन चालत नाही, मान वाकते आणि पोट दाबलं जातं. पाठीपासून वर उतार हवा. घरच्यांना नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करायला सांगा किंवा चिकटपट्टीची कड लक्षात ठेवा. खूण बाहेर सरकलेली दिसली तर नळी आत ढकलायची नाही, काहीही घालायचं नाही, फोन करायचा. आणि दया येऊन "एक घोट पाणी देतो" हे तर अजिबात नाही. तोंडाने गिळता येत नाही म्हणूनच नळी घातलेली असते. ओठ कोरडे पडले तर ओला कापूस फिरवा, एवढंच.

लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी कमरेच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना लोक पिशवी मांडीवर ठेवतात, लघवी उलट जाते आणि इन्फेक्शन होतं. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. दोन-तीन तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट टणक वाटतंय, तर आधी नळी मांडीखाली दबली किंवा मुडपली आहे का बघा. तरी नाही आली तर लगेच घरच्यांना फोन, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

तोंडाने खाणाऱ्या पॅरालिसिसच्या पेशंटबद्दल लिहिते, कारण खरा धोका तिथे आहे. पूर्ण ताठ बसवा, रेलून नाही. हनुवटी किंचित छातीकडे. अर्धा चहाचा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं, त्यानंतरच पुढचा चमचा. आवाज ओला, गुरगुरता येऊ लागला किंवा प्रत्येक घासाला खोकला येतोय तर थांबा. टीव्ही बंद, गप्पा बंद. खाऊन झाल्यावर गालात अडकलेला घास बघा, पॅरालिसिसच्या बाजूला तो तसाच राहतो आणि झोपल्यावर घशात जातो. खाल्ल्यावर अर्धा तास बसवून ठेवा.

आपल्याकडे "मऊ काहीतरी" म्हणून पेज देतात. पेज म्हणजे पातळ पाणी आणि त्यात शितं, दोन वेगळ्या जातीचे पदार्थ एका घासात. पाणी आधी घसरतं, शितं मागे राहतात, ठसका लागतो. पातळ आमटी-भात, संत्र्याची फोड, चिवडा, कोरडे पोहे, लाडवाचा चुरा हे सगळे त्याच पंक्तीतले. त्यापेक्षा गुरगुट्या भात वरणात घोटून एकजीव, घट्ट नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, मऊ शिऱ्यासारखं काही. साधं पाणीही काहींना घट्ट करून द्यायला सांगितलेलं असतं, ते प्रत्येकाचं वेगळं, घरच्यांनी लिहून ठेवायचं.

डायबेटिसचं घर असेल तर साखर डब्यात कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारून ठेवा. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं असं दिसलं आणि मशीनवर ७० च्या खाली आलं (किंवा मशीनच नाही), तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला (ॲम्ब्युलन्स) फोन.

घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून जा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, राखीव माणसाला पाठवा.

फिजिओ_नौपाडा

६०-६८ वयाच्या स्वयंसेवकांनी उचलाउचलीच्या घरी जाऊ नये, हे आधीच ठरवा. पॅरालिसिसच्या घरांना विद्यार्थी, गप्पांच्या घरांना निवृत्त मंडळी. पण १९ वर्षांचा मुलगा दंड धरून उचलायला जातो आणि तिथेच घोळ होतो. पॅरालिसिसचा हात ओढला किंवा काखेत हात घालून उचललं की खांदा निखळतो, आणि ते दुखणं मूळ आजारापेक्षा जास्त दिवस पुरतं.

पलंगावरून व्हीलचेअरवर, शिकवायचा क्रम:

व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी. दोन्ही ब्रेक लावा, पायठेवण्या वर घडी करा. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवून एक-दोन मिनिटं थांबा, चक्कर येते का विचारा. पार्किन्सन्समध्ये आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना उठताना रक्तदाब एकदम कमी होतो, ही दोन मिनिटं गाळायची नाहीत. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, मोजे नाहीत. कमरेला रुंद पट्टा बांधा, धरायचं ते पट्ट्याला. तुमचे गुडघे त्यांच्या कमजोर गुडघ्यासमोर टेकवून ठेवा म्हणजे तो मुडपणार नाही. पुढे वाकायला सांगा, "एक, दोन, तीन" मोठ्याने, आणि त्यांनी स्वतः जोर लावायचा. तिसऱ्या आकड्यावर त्यांचं बूड उचललंच नाही तर काम एका माणसाचं नाही. पुन्हा बसवा आणि थांबा.

आपल्याकडे बॉक्स पलंग असतात, बसके आणि खालून बंद. त्यावरून उठवायला दुप्पट जोर लागतो. पाय असलेला पलंग असेल तर लाकडी ठोकळ्यांवर चढवता येतो, बॉक्सला ते जमत नाही. अशा घरी स्वयंसेवकाच्या ३ तासांत पेशंटला उठवायचंच नाही, अंथरुणातच कूस बदलायची, असं सरळ लिहून टाका.

कूस दर दोन तासांनी. एक जुनी सुती साडी चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटच्या खाली कायम घातलेली असू द्या, तीच धरून सरकवायचं, अंग घासायचं नाही. पूर्ण ९० अंशांच्या कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांवर तिरकं पुरे. पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. माकडहाडाखाली रबराची गोल रिंग घरोघरी दिसते, ती काढून टाकायला सांगा. तिच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. एअर बेडवर गोधडी अंथरली तर एअर बेडचा उपयोग शून्य, एकच पातळ चादर. लालसरपणा बोटाने दाबल्यावर जात नसेल तर वहीत लिहा. सावळ्या कातडीवर लाल दिसत नाही, तिथे जागा गरम, टणक किंवा जास्त काळी वाटते का ते हात लावून बघा.

पडायला लागले तर धरून उभं ठेवायचा प्रयत्न नको. तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर घसरू द्या, डोकं सांभाळा. पडल्यावर लगेच उचलायची घाई नको. खुब्यात दुखतंय, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, तर हलवायचं नाही. डोक्याला लागलं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर ते अगदी ठणठणीत दिसले तरी हॉस्पिटल.

पार्किन्सन्सचे पेशंट दारात थबकले की ओढू नका. समोर फरशीची एखादी रेघ दाखवा आणि "ही ओलांडा" म्हणा, किंवा "डावा, उजवा" असा ताल द्या. बहुतेकदा पाय सुटतो.

स्मृती_सोबती

डिमेन्शियाच्या घराची वेळ सकाळचीच घ्या. दुपारी ४ नंतर बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, आणि नवख्या माणसाला ते झेपत नाही. संध्याकाळीच जावं लागलं तर अंधार पडायच्या आधी दिवे लावा, पडदे ओढा. काचेत दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब त्यांना परकं माणूस वाटतं.

"मला ओळखलंत का?" हा प्रश्न बंद. तो परीक्षेचा प्रश्न आहे आणि ते नापास होतात. दर वेळी आपलं नाव सांगा, बस. "घरी जायचंय" यावर "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका. "कुठे आहे हो घर, कोण कोण असायचं?" विचारा, बोलता बोलता विषय सरकतो. हाताला काम द्या: कोथिंबीर निवडणं, वाती वळणं, रुमालांच्या घड्या, मटकीतले खडे. घडी विस्कटून पुन्हा दिली तरी चालते. टीव्हीवर बातम्या आणि गुन्ह्यांच्या मालिका नकोत, पडद्यावरचा आरडाओरडा घरातच चाललाय असं त्यांना वाटतं.

दार हा सगळ्यात नाजूक मुद्दा. कडी वरच्या बाजूला किंवा दाराला घंटी चालेल, पण बाहेरून कुलूप घालून जाण्याची परवानगी घरच्यांना देऊ नका. आग लागली तर आत दोन माणसं अडकतील. गेटवरच्या वॉचमनकडे त्यांचा अलीकडचा फोटो, सध्याच्या कपड्यांत, घरच्यांच्या परवानगीने ठेवा. बाहेर पडलेच आणि १० मिनिटांत इमारतीत सापडले नाहीत तर ११२ ला (पोलिस) फोन. "२४ तास वाट बघा" हा गैरसमज आहे, असं काही नसतं.

आणि एक. गेल्या आठवड्यात शांत असलेली आजी आज अचानक भ्रमात आहे, सारखी डुलक्या घेते आहे, तर "आजार वाढला" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीतरी असतं आणि त्यावर उपाय असतो. त्याच दिवशी डॉक्टर.

वर्तकनगर_ज्येष्ठ

भरभरून लिहिलंत, आभार. दोन शंका. डायपर बदलायचा की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. आणि इमर्जन्सीत नेमकं काय करायचं, कारण आमच्या स्वयंसेवकांपैकी निम्म्यांचं म्हणणं "आधी मुलाला फोन, मग बघू".

सिस्टर_ऐरोली

डायपर: घरच्यांनी निघण्याच्या १० मिनिटं आधी बदलून जायचं. नुसता ओला असेल तर तेवढा वेळ निभतो. शौच झाली तर तसंच ठेवायचं नाही, कातडी सोलते. म्हणून जोडीतला एक तरी बदलायला तयार असलेला, शिकलेला, आणि पेशंटच्याच लिंगाचा हवा. पेशंटला बोलता येत असेल तर त्यांनाही विचारा, फक्त सुनेला विचारून भागत नाही. स्त्रियांमध्ये पुसताना पुढून मागे. कुणाला जमत नसेल तर त्याला ते आधीच मोकळेपणाने सांगू द्या, ऐनवेळी तोंड वाकडं केलेलं पेशंटला दिसतं.

खाडीपलीकडे

डायपरबाबत मी असहमत. पहिले तीन महिने कुणीच बदलू नये, शौचाची वेळ टाळून तास लावावेत. एकदा "हे करतात" झालं की पुढची यादी वाढत जाते: येताय तर भाजी आणा, जरा कुकर लावा, मुलीला क्लासला सोडा. दर तीन महिन्यांनी ते सहीचं पान पुन्हा वाचायचं ते याचसाठी. सिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यासाठी शिकवणारी माणसं तुमच्याकडे आधी असू देत.

इमर्जन्सीला क्रम उलटा करा: आधी १०८, मग मुलगा. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी नवीन दिसलं तर घड्याळ बघून वेळ लिहा, आणि शेवटचं नीट कधी बोलत होते तीही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल कुठलं, हे घरच्यांकडून आधीच लिहून घ्या. नुसतं "जवळचं" म्हणून चालत नाही, जवळ सीटी नसेल तर तासभर फुकट.

फ्रिजवर एक कागद लावा: नाव, वय, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टर, दोन नातेवाइकांचे नंबर, विमा, आणि ड्रायव्हरला सांगायचा पत्ता. पत्त्यात सोसायटीचं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या चार इमारती असतात. "अमुक शाळेसमोरचं गेट, बी विंग, मागची लिफ्ट मोठी" असं हवं. गेटच्या ॲपवर स्वयंसेवकाला कायमचा पास काढून द्या, नाहीतर प्रत्येक वेळी वॉचमन इंटरकॉम करतो आणि पेशंटजवळ कुणीच नसताना तो वाजत राहतो.

एअर बेड किंवा ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावर काय, हे विचारून ठेवा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२. मशीनवर असणाऱ्या पेशंटकडे भरलेला राखीव सिलिंडर नसेल तर ते घर घेऊ नका.

पावती_पुस्तक

पैसा-जबाबदारीचं. संघ नोंदणीकृत आहे का, ते आधी बघा. उपक्रम संघाच्या ठरावाने सुरू करा, एखाद्याच्या वैयक्तिक उत्साहावर नको. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे जबाबदारी उडाली असं होत नाही. त्याचा उपयोग "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" हा वाद टाळायला. स्वयंसेवकांचा समूह अपघात विमा काढा, जिन्यावरून ६५ वर्षांचे आपले काकाच घसरले तर काय?

प्रत्येकाची पोलिस पडताळणी, आणि ओळखीच्या दोन माणसांशी समन्वयकाचं प्रत्यक्ष बोलणं. निवृत्त बँक मॅनेजर असले तरी सूट नाही, एकाला सूट दिली की दुसऱ्याचा अपमान होतो. घरच्यांनी कपाट बंद करून किल्ली सोबत न्यायची, आणि हे त्यांना आपणच सांगायचं. त्यात संशय काही नाही, स्वयंसेवकाची सोय आहे. भेटवस्तू, उसने पैसे नाहीत. दिवाळीचा फराळ तिथेच बसून खा, डबा घेऊन येऊ नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचं नाव, फोटो, आजार काही टाकायचं नाही. "घर ३, आज झालं, सगळं ठीक" इतकंच.

२२ वर्षांच्या मुलाच्या घरच्यांना वेगळं सांगा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट आहे. त्याच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. "समर्थ" ही योजना निवासी आहे, तिच्यात काही दिवसांची सोय असते, म्हणजे तुमचे ३ तास पुरत नाहीत तिथली गरज. १८ पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो, बऱ्याच घरांत तो राहून गेलेला असतो. नवी मुंबईत कुणी ओळखीचं असेल तर वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचं) बघायला सांगा.

स्मृती_सोबती

घरच्या माणसासाठी एक पान वेगळं करा. घराबाहेर पडायचं, आतल्या खोलीत झोपायचं नाही. आत असलात तर हाक आली की उठणारच. दर १५ मिनिटांनी फोन नको, स्वयंसेवक मध्यावर एक मेसेज टाकेल. निघण्याआधी पेशंटचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर आणि यंत्राचा सेल चालू असल्याचं बघून द्या. निम्मी चिडचिड सेल संपल्याने होते.

काहींना बाहेर पडल्यावर कुठे जावं हेच सुचत नाही, रडू फुटतं. त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएचसारखी संस्था आहे, तिथे विचारणा करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही त्याच कागदावर लिहा. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला दिवसाच्या ३ तासांनी भागत नाही, हे ओळखा. तिथे रात्रपाळीची मावशी किंवा भावंडांत वाटणी हाच उपाय, आणि समन्वयकाने ते स्पष्ट बोलावं.

वर्तकनगर_ज्येष्ठ

४ घरं पक्की: पार्किन्सन्स, पॅरालिसिसची दोन, डिमेन्शियाचं एक. नळीवाले काका दुसऱ्या टप्प्यात, फीडच्या मधल्या वेळेत. डायपर तूर्त नाही. शेवटचं एक: पॅरालिसिसचं एक घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. नेरूळ-कोपरखैरण्याच्या सिडकोच्या इमारतींतही हीच अडचण असणार. तिथे खाली कसं आणायचं?

फिजिओ_नौपाडा

१०८ वाल्यांना फोनवरच "तिसरा मजला, लिफ्ट नाही, पेशंट चालत नाही" सांगा. ते येईपर्यंत स्वयंसेवकाने एकट्याने हलवायचं नाही. खाली न्यायचंच झालं तर हात असलेली दणकट लाकडी किंवा लोखंडी खुर्ची. प्लॅस्टिकची जिन्यात वाकते. चाकांची तर नकोच. ओढणी किंवा पट्ट्याने छाती आणि मांड्या खुर्चीला बांधा, कमजोर हात मांडीवर ठेवून त्या बांधणीच्या आत, नाहीतर तो कठड्यात अडकतो. पाय पुढे, तोंड उताराकडे, खुर्ची मागे किंचित कललेली. एक माणूस मागून पाठीला, एक पुढून खुर्चीच्या पायांना, आणि तिसरा पुढच्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या मोजत उतरणारा. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून थांबा. खुब्याला किंवा मानेला मार असेल तर ही खुर्ची वापरायचीच नाही, स्ट्रेचरची वाट बघा. त्या इमारतीतल्या तीन धडधाकट माणसांचे नंबर फ्रिजवरच्या कागदावर आत्ताच लिहून घ्या, आणि जिन्याच्या वळणावर ठेवलेल्या सायकली, कुंड्या, चपलांचे रॅक सोसायटीला सांगून हलवून घ्या.